वारणेची नऊ कलमे आणि टिपणांतले ठिपके

१/ स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत वारणेचा तह चार-पाच ठिपक्यांत आटोपतो: 'वारणेचे दक्षिण तीर', 'कोपळ, रत्नागिरी', 'तुंगभद्रा ते रामेश्वर'. पाठांतराला हे सोयीचे आहे. तह मात्र त्यात उरत नाही.

२/ साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज या चुलतबंधूंची भेट कऱ्हाडजवळ जखिणवाडीस झाली. पुढे १३ एप्रिल १७३१ रोजी तह ठरला. त्याची कलमे नऊ.

३/ मोडी लेखनात शब्दांमध्ये जागा नसे, विरामचिन्हे नसत. एक बाब संपून दुसरी कोठे सुरू झाली, हे कलमांमुळेच कळे. यादी ही तेथे सजावट नव्हती, वाचनाची गरज होती.

४/ पण कलम म्हणजे ठिपका नव्हे. कलमाला कर्ता आणि क्रियापद असते: कोणी, कोणास, काय द्यावे. कोपळ आणि रत्नागिरी ही एकमेकांच्या मोबदल्यातली देवाणघेवाण होती. तुंगभद्रेपलीकडचा मुलूख निम्मा-निम्मा ठरला होता. ठिपक्यांत केवळ नावे उरतात, व्यवहार गळून पडतो.

५/ कलमे मोजलेली असत. तहनाम्याच्या शेवटी त्यांची एकूण संख्या येते. त्यामुळे एखादे मागाहून घुसडणे वा गाळणे अवघड होई. ठिपका गळाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

६/ ठिपके सर्व बाबींना एकाच मापाने तोलतात. एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत, हे कलम टिपणांत किरकोळ वाटते. सरदार पक्ष बदलत होते, हे ध्यानात घेतले की त्याचे वजन कळते.

७/ कलमाचे शब्द किती जड असतात, हे साताऱ्यानेच पुढे अनुभवले. १८१९ च्या कंपनीशी झालेल्या तहात परराज्यांशी परभारे संबंध ठेवण्यास मनाई होती. ती मोडल्याचा आरोप ठेवून १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले गेले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनपर्यंत गेले.

८/ किल्ल्यांची नावे, महालांची यादी यांना ठिपके खुशाल द्यावेत. जेथे 'म्हणून', 'मोबदल्यात', 'अन्यथा' हे शब्द लागतात, तेथे पूर्ण वाक्यच लिहावे. वारणा आजही सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत हरिपूरला कृष्णेस मिळते. तिच्या दोन तीरांची वाटणी का झाली, हे विद्यार्थ्याला एका वाक्यात सांगता आले पाहिजे.