विश्लेषण : अकलूजच्या इटालियन द्राक्षाचे अनुकरण भोर, वेल्ह्यात परवडेल का?

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांच्या पश्चिम भागात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणे त्यावरच भरतात. नीरा उजव्या कालव्याने हे पाणी सोलापूर जिल्ह्यातील माळशिरसपर्यंत जाते. तिथे पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. उसाच्या याच पट्ट्यात, अकलूजजवळ, टस्कनीची ‘सांजोव्हेजे’ ही द्राक्षाची जात पिकते आहे.

ही जात इथे आली कशी?

साखर कारखानदारी आणि राजकारणासाठी ओळखल्या जाणाऱ्या मोहिते-पाटील कुटुंबाने दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची यांच्यासह ‘फ्रातेल्ली’ ही वाइनरी उभारली. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. तिन्ही घरांतील भाऊच भागीदार. टस्कनीचे पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या ‘सेत्ते’ या वाइनमध्ये सांजोव्हेजेसोबत कॅबरने सोव्हिन्यो आहे.

टस्कनीत थंडीत वेल विश्रांती घेतो, द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात. महाराष्ट्रात वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस ओसरताना फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चदरम्यान तोडणी. घड कोरड्या हवेत, थंड रात्रींत पिकतो. वेल्ह्याच्या पावसात मात्र केवडा (डाऊनी) पानेच शिल्लक ठेवणार नाही. तिथे इंद्रायणी भातच बरा.

मग प्रश्न कोणासाठी?

भोरच्या पूर्वेला, नसरापूर-सारोळ्याच्या बाजूला पाऊस कमी. तिथल्या शेतकऱ्याला हा प्रयोग खुणावू शकतो. पण वाइनचे द्राक्ष छोटे, जाड सालीचे, बियांचे. ते बाजार समितीत खपत नाही. थॉमसनचा भाव पडला तर निदान बेदाणा करता येतो. सांजोव्हेजेला एकच गिऱ्हाईक, वाइनरी. तिने पाठ फिरवली की बाग म्हणजे नुसता मांडव.

हे घडून गेले आहे. राज्याच्या २००१ च्या धोरणानंतर वाइन द्राक्षांच्या बागा वाढल्या. पुढे २००९ च्या सुमारास मागणी घसरली, नारायणगावची शातो इंडाज अडचणीत आली आणि अनेकांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. स्वतः पिकवून स्वतःच वाइन करणारे कुटुंब दोन वाईट वर्षे सोसू शकते. दोन एकरवाला नाही. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधील वाइनविक्रीचा निर्णय शेतकऱ्यांच्या नावाने झाला, पण वाद दारूभोवतीच फिरला. शेतकऱ्याच्या कराराचा मुद्दा मागेच पडला.

खरे तर सरकारने आधी तिथेच हात घालायला हवा होता. लागवडीनंतर पूर्ण उत्पन्न यायला साधारण तीन वर्षे लागतात, तेव्हा रोप लावण्याआधीच अनेक वर्षांचा लेखी करार हवा. दर बहुधा साखरेवर, म्हणजे ब्रिक्सवर ठरतो. अवकाळी पावसाने ब्रिक्स उतरला तर तोटा कोणाचा, हेही त्यातच लिहून घ्यावे लागेल.