पाळणाघराच्या काकूंचा हिशेब

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींची एक तक्रार हल्ली सारखी कानावर येते. घराजवळ चांगलं पाळणाघर मिळत नाही! पूर्वी गल्लीत दोन-दोन होती, ती गेली कुठे?

आठवून पाहा. २५ मार्च २०२० पासून करोनामुळे देशभर टाळेबंदी लागली. आपण घरी, मुलंही घरी. मग पाळणाघराचे पैसे कशाला द्यायचे, असा हिशेब पुष्कळ घरांनी केला. काकूंच्या जागेचं भाडं मात्र चालूच होतं, आणि हाताखालच्या मावशींना तर साधी पगारी रजाही नव्हती. पुढे दुकानं उघडली, कचेऱ्या उघडल्या, तरी तान्ह्या मुलांना बाहेर ठेवायची आपली भीती सगळ्यांत शेवटी गेली. तोवर कुणी पोळीभाजीचे डबे सुरू केले, कुणी जागा सोडून गावी गेली. अशा बायका पुन्हा त्याच कामाला का याव्यात?

अंगणवाडीच्या ताईंचं उलटंच झालं. मुलं यायची थांबली, काम वाढलं. गरम खिचडीऐवजी कोरडा शिधा घरोघरी पोचवायचा, ताप-खोकल्याची चौकशी करायची. आपण दार किलकिलं करून आतूनच बोलत होतो, त्या बाहेर उभ्या होत्या. आणि मिळकत? केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ पासून ठरवलेले सेविकेला महिना ४५०० रुपये, मदतनीस बाईला २२५०, आणि वर राज्याची भर. त्याला पगार म्हणायचं नाही हं, मानधन म्हणायचं! वाणी काही मानावर डाळ देत नाही. या योजनेची सुरुवात १९७५ ची, आणि सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते एप्रिल २०२२ मध्ये.

सरकारचं सरकार पाहील. आपल्या हातातलं आपण करू या. मे महिन्यात मूल आजोळी गेलं म्हणून काकूंचे पैसे कापू नका. मूल ठेवायच्या पहिल्याच दिवशी, पाळणाघर बंद ठेवावं लागलं तर महिन्याला किती द्यायचे, हे वहीत लिहून दोघींनी सही करा. निम्मे ठरले तरी चालतील, पण ठरवा. आणि मावशींना किती मिळतात, हेही काकूंना जरूर विचारा. आपलं बाळ दिवसभर असतं ते त्यांच्याच कडेवर.