आरोपाचे वृत्त आणि पडताळणीचे दायित्व

१

लैंगिक गैरवर्तनाचा आरोप जाहीर करण्यापूर्वी त्याची शहानिशा केली पाहिजे, या विधानाला तत्त्वतः कोणी विरोध करील असे वाटत नाही. मतभेद सुरू होतो तो ही शहानिशा कोणी, कशाची आणि कोठवर करावयाची या प्रश्नापाशी. एका पक्षाला 'पडताळणी' हा शब्दच संशयास्पद वाटतो. 'पुरावा काय?' हा प्रश्न आजवर बहुतांशी स्त्रीला गप्प बसविण्यासाठीच विचारला गेला, असे या पक्षाचे म्हणणे असून ते इतिहासाला धरून आहे. दुसरा पक्ष म्हणतो की, एकदा छापून आलेला आरोप पुढे खोटा ठरला तरी ज्याच्यावर तो झाला त्याचे गेलेले नाव परत येत नाही. हेही अनुभवाला सोडून नाही. दोन्ही पक्षांच्या युक्तिवादात एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली दिसते. पडताळणीचा भार आरोप करणाऱ्या व्यक्तीवर आहे, असे दोघेही मानून चालतात.

प्रस्तुत लेखकाचे मत याहून वेगळे आहे. जी व्यक्ती आपल्यावर गुदरलेले सांगते तिचे काम सांगण्याने पुरे होते. ते सांगणे वृत्त म्हणून हजारो वाचकांपुढे जो ठेवतो, पडताळणी हे त्याचे दायित्व आहे. ते त्याने पार पाडले तर सांगणाऱ्याचा शब्द बळकट होतो. ते त्याने टाळले तर त्याची किंमत दोन्ही बाजूंच्या दुबळ्या माणसांना मोजावी लागते. मराठीच्या अभ्यासकांनी या प्रश्नात लक्ष घालण्याचे कारणही स्पष्ट आहे. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत वृत्तलेखन शिकविले जाते ते मराठी विभागातच. बातमीचा मथळा, बातमीची रचना, बातमीची भाषा हे सारे आपण शिकवितो. बातमी खरी कशी ठरवावी हे मात्र आपल्या अध्यापनात क्वचितच येते.

२

हा प्रश्न किती जवळचा आहे हे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दोन घटनांवरून ध्यानात येईल. दिनांक २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. गावातील सवर्ण कुटुंबातील मुलीशी त्याचे संबंध असल्याच्या संशयावरून ही हत्या झाली, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे होते. दिनांक १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे पंधरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. या दोन्ही खटल्यांचे निकाल अहमदनगरच्या न्यायालयात २०१७ च्या नोव्हेंबर महिन्यात, काही दिवसांच्या अंतराने लागले. खर्डा प्रकरणात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. कोपर्डी प्रकरणात २९ नोव्हेंबर रोजी तीन आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली गेली.

या निकालांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. तो विधिज्ञांचा विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते आरोपाचे स्वरूप. खर्ड्यातील मुलाविरुद्ध कोणी तक्रार केली नव्हती, कोणी चौकशी केली नव्हती, त्याचे म्हणणेही कोणी ऐकून घेतले नव्हते. फिर्यादी पक्षाचे म्हणणे ग्राह्य धरले तर केवळ कुजबूज हाच आरोप, तोच पुरावा आणि तोच निवाडा ठरला. अशा घटनांची बातमी देताना 'प्रेमप्रकरणातून खून' हा ठरीव शब्दप्रयोग जेव्हा वापरला जातो, तेव्हा बातमीदार नकळत त्या कुजबुजीवर शिक्कामोर्तब करीत असतो. मुलगा आता उत्तर देऊ शकत नाही आणि मुलीला कोणी विचारलेले नसते. तरीही 'प्रकरण' होते हे वाचकाने मान्य केलेले असते.

कोपर्डीचे उदाहरण दुसऱ्या बाजूने बोलके आहे. तेथील गुन्हा भीषण होता आणि तो न्यायालयात पुराव्यानिशी शाबित झाला. परंतु खटला उभा राहण्यापूर्वीच चर्चा तीन आरोपींवरून त्यांच्या जातीवर आणि जातीवरून ॲट्रॉसिटी कायद्याच्या दुरुपयोगावर गेली. ऑगस्ट २०१६ पासून निघालेल्या मराठा मूक मोर्चांतून व्यक्त झालेला शोक खरा होता, आणि त्या मोर्चांची शिस्त साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. मात्र व्यक्तीवरील आरोप तपासता येतो, समूहावरील आरोप तपासण्याची सोय कोणत्याच न्यायालयात नाही. म्हणून छापणाऱ्याने येथे अधिक सावध असावे लागते. आरोप कोणावर आहे आणि कोणावर नाही, हे नेमके सांगणे हादेखील पडताळणीचाच भाग आहे.

३

हा प्रश्न आपल्याकडे आजच उपस्थित झाला असे नाही. पश्चिम भारतातील वृत्तपत्रसृष्टीने एकोणिसाव्या शतकातच त्याचा अनुभव घेतला आहे. करसनदास मूळजी यांनी मुंबईच्या 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात ऑक्टोबर १८६० मध्ये वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या स्त्री-भक्तांशी असलेल्या वर्तनावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईची अब्रुनुकसानीची फिर्याद केली. १८६२ मध्ये चाललेल्या या खटल्यात करसनदासांच्या बाजूने संप्रदायातीलच माहीतगार गृहस्थ साक्षीला उभे राहिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वैद्य या नात्याने साक्ष दिली. निकाल मुख्यतः करसनदासांच्या बाजूने लागला. त्यांचे धैर्य सर्वांना ठाऊक आहे. त्या धैर्याला माहितीचे पाठबळ होते याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. लेख स्वतःच्या जबाबदारीवर छापलेला होता, लिहिणारा त्या समाजातला होता, आणि आपले विधान न्यायालयात सिद्ध करून दाखविण्याची त्याची तयारी होती.

यानंतर वीस वर्षांनी याच्या उलट अनुभव 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांना आला. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे छत्रपतींचा छळ करीत असल्याचा आरोप या पत्रांनी केला. हा आरोप लैंगिक स्वरूपाचा नव्हता; परंतु पडताळणीच्या दृष्टीने तो बोधप्रद आहे. ज्या पत्रांच्या आधारे तो करण्यात आला होता ती बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. या दोघांच्या हेतूविषयी कोणी शंका घेणार नाही. शुद्ध हेतू पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, एवढेच या प्रकरणातून निष्पन्न होते. कागद हाती आला म्हणजे तो खरा असतो असे नाही. तो कोणी, केव्हा, कशासाठी लिहिला आणि कोणाकडून आपल्यापर्यंत आला हे पाहावेच लागते.

याच सुमाराची तिसरी घटना साहित्याच्या अभ्यासकांना अधिक परिचित आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला १८८१ मध्ये अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने 'पुणे वैभव'सारख्या पत्रांनी स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवरच तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) हे पुस्तक म्हणजे त्याला दिलेले उत्तर होय. ताराबाईंच्या प्रतिपादनाचा रोख पाहिला तर तो आजही लागू पडतो. जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषात आहेत की नाहीत हे कोणी पाहिले आहे काय, असे त्या विचारतात. दुसऱ्या शब्दांत, पडताळणी एकाच बाजूची का होते, हा त्यांचा आक्षेप आहे. 'आरोप तपासा' म्हणणाऱ्या आजच्या संपादकाने हा आक्षेप मनावर घेतला पाहिजे. तक्रारदार स्त्रीचे पूर्वायुष्य खोदून काढायचे आणि आरोपीच्या पूर्वीच्या वर्तनाविषयी कोणालाही विचारायचे नाही, याला पडताळणी म्हणता येणार नाही.

४

येथवर माहितीच्या शुद्धतेचा विचार झाला. आता भाषेकडे वळू. कारण पडताळणी झाली आहे की नाही हे पुष्कळदा वाक्यरचनेवरूनच ओळखता येते. मराठीत ऐकीव गोष्ट सांगण्यासाठी 'म्हणे' हे छोटेसे पद आहे. 'तो तिला त्रास देत होता म्हणे' या वाक्यात बोलणारा गोष्ट सांगतोही आणि तिची जबाबदारी झटकतोही. पारावरच्या बोलण्यात हे पद निदान प्रामाणिक असते. ऐकीव ते ऐकीव म्हणून सांगितले जाते. वृत्तपत्रात मात्र 'म्हणे'ची जागा 'असे समजते', 'अशी चर्चा आहे', 'विश्वसनीय सूत्रांकडून कळते' या भारदस्त शब्दप्रयोगांनी घेतली आहे. अर्थ तोच राहतो, परंतु वाचकाला ती खात्रीलायक माहिती वाटते. कोणाला समजते? चर्चा कोठे आहे? सूत्र प्रत्यक्षदर्शी आहे की तेही ऐकूनच सांगत आहे? या प्रश्नांची उत्तरे संपादकापाशी नसतील तर ते वाक्य छापण्यायोग्य नाही.

दुसरी अडचण शब्दयोजनेची. 'अब्रू लुटली', 'अतिप्रसंग केला', 'कुकर्म' हे शब्द घडलेले कृत्य सांगत नाहीत; ते स्त्रीने काय गमावले हे सांगतात आणि लाज तिच्याकडे देतात. 'छेडछाड' हा शब्द गुन्ह्याला थट्टेच्या पातळीवर आणतो. उलटपक्षी अटक होताच 'नराधम' म्हटले की न्यायालयाला काही काम उरत नाही. 'संशयित', 'आरोपी' आणि 'दोषी' या तीन शब्दांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. आपल्या बातम्यांत ते एकाच परिच्छेदात एकमेकांच्या जागी येतात. 'तक्रारदार' आणि 'पीडित' यांचेही तसेच. नेमका शब्द वापरणे ही येथे शैलीची बाब राहत नाही; एखाद्याचे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

५

मग पडताळणी करावयाची कशी? या कामी आपल्याच वाङ्मयपरंपरेत एक मोलाचा दाखला आहे, आणि तो याच जिल्ह्यातला आहे. सराळे गावच्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा जमविल्या त्या ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठून, विचारून. पुढे त्या परंपरेत जेथे सांगण्यात फरक पडला तेथे तो पुसून न टाकता 'वासना' म्हणून, ज्याचा त्याच्या नावाने, नोंदविला गेला. भक्तिभावाने लिहिणाऱ्यांना जर साक्षीदार आणि त्याचे सांगणे यांचा इतका काटेकोर हिशेब ठेवता आला, तर तो आजच्या बातमीदाराला का ठेवता येऊ नये? पाठचिकित्सा शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. मूळ साक्ष कोणती, ऐकीव कोणती, दोन साक्षी खरोखर स्वतंत्र आहेत की एकाच मूळ प्रतीच्या नकला आहेत, हे तो हस्तलिखितांच्या संदर्भात रोज पाहतो.

याच रीतीने आरोपाबाबतही काही गोष्टी पाहता येतात. घटनेनंतर त्या व्यक्तीने मैत्रिणीला, आईला, सहकाऱ्याला काही सांगितले होते काय; स्थळ आणि दिवस यांना अन्य दुजोरा मिळतो काय; अन्य कोणाला असाच अनुभव आला आहे काय. तपशिलातील लहानसहान विसंगतीवरून सांगणे खोटे ठरवू नये. आघात झालेल्या माणसाला क्रम नेहमीच सुसंगत आठवतो असे नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला प्रसिद्धीपूर्वी विचारावे, उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा आणि ते उत्तर त्याच बातमीत छापावे. आणि पहिल्या पानावर आरोप छापला असेल तर निकाल, मग तो कोणताही असो, त्याच ठळकपणे छापावा.

कायद्यानेही काही मर्यादा घातल्या आहेत. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे १९८३ पासून गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत तो कलम ७२ खाली येतो. पीडिता मृत असली तरी तिचे नाव जाहीर करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्याच कायद्यात, तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी मानता येणार नाही, असेही म्हटले आहे. 'सिद्ध झाले नाही' आणि 'खोटे ठरले' यांतील हा फरक आपल्या बातम्यांत आणि स्टाफरूममधील गप्पांतही वारंवार पुसला जातो.

तरीही एक आक्षेप उरतो व तो गंभीर आहे. महाविद्यालयाची अंतर्गत समितीच प्राचार्यांच्या वा संस्थाचालकांच्या दबावाखाली असेल तर विद्यार्थिनीने जावे कोठे? ऑक्टोबर २०१७ मध्ये देशभरातील प्राध्यापकांच्या नावांची एक यादी प्रसिद्ध झाली. तक्रारदार अनामिक, बहुतेक ठिकाणी घटनेचा तपशीलही नाही. तिच्याविषयी स्त्रीवादी अभ्यासकांतच तीव्र मतभेद झाले. यादी ही पडताळणी नव्हती, हे खरे. पण ज्या संस्थांनी पडताळणी करावयाची त्यांच्यावरचा विश्वास उडाल्याची ती खूण होती, हेही तितकेच खरे. २०१३ च्या कायद्याने चौकशीला नव्वद दिवसांची मुदत घातली आहे. ती पाळली गेली तर यादीची गरज पडणार नाही. 'चौकशी चालू आहे' या सबबीखाली वर्षानुवर्षे मौन पाळणाऱ्या संस्थेला 'आधी शहानिशा करा' असे वृत्तपत्राला बजावण्याचा नैतिक अधिकार राहत नाही. अशा वेळी वृत्तपत्राने स्वतः शहानिशा करून लिहावे. संस्थेच्या मौनाला पुरावा नसल्याची खूण मानू नये.

एकंदरीत, पडताळणीच्या अभावी कुजबूज बळावते आणि ती दुबळ्याचा बळी घेते. पडताळणीच्या नावाखाली विलंब झाला तर बलवानाला संरक्षण मिळते. या दोहोंतून मार्ग काढावयाचा तर पडताळणीला रीत हवी, मुदत हवी आणि ती करणाऱ्याचे नाव हवे. वृत्तलेखनाच्या अभ्यासक्रमात या विषयाला निदान एका घटकाचे स्थान द्यावे, आणि पाठचिकित्सेच्या शिक्षकांनीच तो शिकवावा, अशी सूचना येथे विचारार्थ मांडावीशी वाटते. आपले विद्यार्थी उद्या तालुक्याच्या गावी बातमीदार होतील, संपादक होतील, अंतर्गत समितीवर सदस्य म्हणून बसतील. समोर आलेले सांगणे ऐकून घेण्याची आणि ते तपासण्याची तयारी त्यांना येथेच, या वर्गांतून मिळाली पाहिजे.