क्लचची चौकशी कोण करतो?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी मोबाइलवर एक चित्रफीत घेऊन माझ्याकडे आला. खुर्चीवरून उठायलासुद्धा जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती संपली. एक लांबलचक, नाकाडासारखी निमुळती मोटार, मागे माणसाच्या कंबरेच्या उंचीची दोन रुंद चाके. आकाशात ज्वाळा उडाल्या, कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि मोटार दिसेनाशी झाली. मुलाने विचारले, "सर, ही किती सीसीची असेल? किती हॉर्सपॉवर?" मी त्याला उत्तरे दिली. पण तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. ही चित्रफीत नंतर मी चाळीस-पन्नास मुलांना दाखवली, सर्वांनी इंजिनाचीच विचारपूस केली. क्लचची चौकशी एकानेही केली नाही. माझे मत असे की, या मोटारीतली खरी विद्या इंजिनात थोडी आणि क्लचमध्ये फार आहे. आणि ही विद्या ठाऊक नसण्याची किंमत आपल्या खानदेशातल्या काळ्या मातीतसुद्धा मोजावी लागते.

आधी इंजिनाचे कौतुक उरकून घेऊ. या मोटारींना ड्रॅगस्टर म्हणतात. दोन मोटारींनी शेजारी शेजारी उभे राहायचे आणि सरळ रेषेत धावायचे, वळण नाही, फेरा नाही. विदर्भातला शंकरपट पाहिला असेल तर कल्पना लगेच येईल. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत, पण त्या नेहमीच्या मोटारी व मोटारसायकलींच्या. मी सांगतो आहे ती सर्वांत वरची जात मुख्यतः अमेरिकेत धावते. तिचे इंजिन ८.२ लिटरचे, आठ सिलिंडरांचे. शक्ती सुमारे ११,००० अश्वशक्ती. आमच्या सोनगीरच्या शिवारात ४५ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर चालतात. तसे अडीचशे ट्रॅक्टर एका नांगराला जुंपले तर जेवढी होईल तेवढी!

एवढी शक्ती येते कुठून? पेट्रोल जाळायला हवा लागते, १ किलो पेट्रोलला जवळजवळ १५ किलो. सिलिंडरात हवा किती कोंबता येईल याला मर्यादा असते. ड्रॅगस्टरचे इंधन म्हणजे नव्वद टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन आणि बाकी मिथेनॉल. नायट्रोमिथेनच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू आधीच असतात, म्हणजे हा पाहुणा आपली शिदोरी बरोबर घेऊनच येतो. त्याला किलोमागे १.७ किलो हवा पुरते. वजनावारी पाहिले तर त्याची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण चौथा हिस्साच आहे, पण १० किलो हवेत पेट्रोल पाऊण किलोसुद्धा जळत नाही आणि नायट्रोमिथेन मात्र जवळजवळ ६ किलो जळते. हिशेब करा, तेवढ्याच हवेत सव्वादोन पट ऊर्जा निघते.

झाले इंजिन. आता गाडी जागेवरून हलवा पाहू!

इथे एक साधी गोष्ट आपण विसरतो. उभ्या बैलाला ओढता येते. किंबहुना चिखलात रुतलेली गाडी काढताना बैल उभ्या उभ्याच सर्वांत जास्त जोर लावतो. इंजिनाला हे जमत नाही. ते फिरत असेल तरच जोर लावते, थांबले की मेले. म्हणून बैलगाडीला क्लच लागत नाही आणि मोटारीला लागतो. इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेत आहे आणि चाके स्तब्ध आहेत, या दोघांची गाठ घालून द्यायची कशी? एकदम घातली तर दोहोंतले एक होते: इंजिन बंद पडते, नाहीतर चाके जागच्या जागी गरगरतात. यावर उपाय म्हणजे दोघांच्या मध्ये घसरणाऱ्या तबकड्या ठेवायच्या. एक इंजिनाबरोबर फिरते, दुसरी चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर असते. त्या हळूहळू एकमेकींवर दाबल्या की पहिली दुसरीला आपल्याबरोबर ओढू लागते. प्रथम ती बरीच घसरते, मग थोडी, आणि शेवटी दोघी एक होऊन फिरतात. हा क्लच.

आता गंमत पाहा. समजा इंजिन ठरावीक वेगाने फिरते आहे आणि चाकांकडचा दांडा शून्यापासून त्याच वेगापर्यंत एकसारखा चढतो आहे. क्लचमधून दोन्ही बाजूंना पीळ तेवढाच मिळतो. इंजिन सारा वेळ पूर्ण वेगाने काम करते, दांड्याचा सरासरी वेग मात्र त्याच्या निम्मा. म्हणजे क्लच पूर्ण जुळेपर्यंत इंजिनाने दिलेल्या ऊर्जेतली निम्मी गाडीला मिळाली आणि निम्मी तबकड्यांत उष्णता होऊन गेली! ड्रायव्हर कितीही निष्णात असो, अशा सुरुवातीत हा कर चुकत नाही. ड्रॅगस्टरचे वजन सुमारे एक टन. क्लच जुळेपर्यंत तिचा वेग सेकंदाला १०० मीटर झाला असे धरा. तिची गतिज ऊर्जा ५० लाख ज्यूल भरते. साधारण तेवढीच उष्णता दोन-तीन सेकंदांत तबकड्यांत उतरते. १५ किलो बर्फाचे पाणी व्हायला ती पुरेल. म्हणून या मोटारीत एकाऐवजी पाच-सहा तबकड्या एकावर एक रचलेल्या असतात, त्या धातूची भुकटी दाबून व भाजून केलेल्या असतात, आणि एका धावेनंतर क्लच उघडून तबकड्या घासाव्या किंवा बदलाव्या लागतात. कधी कधी त्या एकमेकींना वितळून चिकटलेल्या सापडतात. आमच्या गावच्या तांबट आळीत भांड्याला डाग देताना जे मुद्दाम करतात ते इथे चुकून होते.

तुम्ही म्हणाल, एवढी ऊर्जा वाया घालवण्यापेक्षा क्लच लवकर का जुळवत नाहीत? तसे करून पाहिलेले आहे. १९६० च्या दशकात या मोटारी क्लच सुरुवातीलाच पक्का जुळवून सुटत. चाके धुराचे लोट सोडत शेवटपर्यंत घसरत जात. प्रेक्षकांना ते दृश्य फार आवडे, पण घसरण्याची जागा चुकलेली होती. त्या दशकाच्या अखेरीस कारागिरांच्या ध्यानात आले की, घसरायचेच आहे तर टायर आणि जमिनीच्या मध्ये न घसरता क्लचमध्ये घसरलेले बरे. टायर घसरला की त्याची पकड कमी होते, मोटार भरकटते. क्लच घसरला तर टायर जमिनीला धरून राहतो आणि मोटार नाकासमोर पळते. मला विचाराल तर या सबंध खेळातला सर्वांत मोठा शोध हाच, आणि त्यात एकाही अश्वशक्तीची भर पडलेली नाही.

आजच्या ड्रॅगस्टरला वेग बदलणारी गिअरपेटी नसतेच. सुटताना चालक क्लचच्या पायट्यावरचा पाय काढतो, पुढचे काम यंत्रणा करते. क्लचवर वजने लावलेल्या तरफा असतात. इंजिनाचा वेग वाढला की त्या बाहेर फेकल्या जाऊ पाहतात आणि तबकड्यांवर दाब देतात. हा दाब एकदम पडू नये म्हणून एक बेअरिंग त्यांना अडवून धरते आणि आधी लावून ठेवलेल्या वेळांप्रमाणे टप्प्याटप्प्याने मागे सरकते. हे टप्पे ठरवणाऱ्या माणसाला त्या दिवशीची धावपट्टी किती तापली आहे, हवा किती दमट आहे, याचा अंदाज बांधावा लागतो. चाक घसरते की नाही हे मोजून संगणकाने क्लच सांभाळायला नियमांची मनाई आहे. मला हा नियम फार आवडतो.

या खटाटोपाचे फळ बघा. ३०५ मीटर अंतर सुमारे ३.७ सेकंदांत. वहीत मांडा: एकसारखे धरले तर त्वरण दर सेकंद वर्गाला ४४ ते ४५ मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या साडेचारपट. त्वरण एकसारखे असते तर अखेरचा वेग ताशी ५९० किलोमीटरच्या वर गेला असता. प्रत्यक्षात तो ५३० च्या आसपास असतो. याचा अर्थ काय, तो तुम्हीच काढा. आणखी एक. घर्षणांक १ पेक्षा जास्त नसतो असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. तापवलेला मऊ टायर आणि चिकट द्रव फवारलेली पट्टी यांच्यापुढे तो समज टिकत नाही. हा समज पसरण्यात माझाही हात आहे. गेली वीस वर्षे मी घर्षण शिकवतो ते उतरणीवर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर. तो ठोकळा कोणाच्या घरी असतो? मोटारसायकल आणि ट्रॅक्टर मात्र असतात.

आता चॅसिसकडे वळू, कारण क्लचने सांभाळून दिलेला पीळ शेवटी तिलाच सोसायचा असतो. ड्रॅगस्टरची चॅसिस म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादी नळ्या जोडून केलेला सांगाडा. पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर ७.६ मीटर, दोन लहान मोटारी पुढेमागे उभ्या कराव्यात तेवढे. एवढी लांबी कशाला? मागची चाके जमिनीला मागे ढकलतात, गुरुत्वमध्य मात्र जमिनीपासून वर असतो. त्यामुळे मोटारीचे तोंड वर उचलले जाऊ लागते. तिला खाली धरणारे असते ते तिचे वजन, आणि ते वजन मागच्या आसापासून जितके पुढे तितके चांगले धरते. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि त्वरण गुरुत्वत्वरणाच्या चौपट असेल, तर गुरुत्वमध्य आसाच्या निदान दोन मीटर पुढे हवा, नाहीतर मोटार मागे उलटेल. आकडे मी सोयीचे घेतले आहेत, पण लांब नाकाचे कारण हेच. शिवाय हा सांगाडा ताठ नसतो. सुटताना तो धनुष्यासारखा वाकतो, आणि तो वाकावा असाच बनवलेला असतो.

डॉन गार्लिट्स या नामांकित अमेरिकन चालकाची हकिगत इथे सांगायला हवी. त्या काळी इंजिन पुढे असे आणि चालक मागच्या आसाच्या मागे बसे; क्लच आणि पीळ मागे नेणारी पेटी त्याच्या दोन पायांच्या मधोमध. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे सुटतानाच त्याच्या मोटारीची ती पेटी फुटली. चॅसिसचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग तुटला. त्याने दुखण्यातून उठताना आराखडा उलटा केला, चालक पुढे आणि इंजिन पाठीमागे. १९७१ मध्ये तो ती मोटार घेऊन उतरला आणि जिंकला. आज सगळे ड्रॅगस्टर याच घडणीचे आहेत. २००८ साली एका चालकाच्या मृत्यूनंतर शर्यतीचे अंतरही ४०२ मीटरवरून ३०५ मीटरवर आणले गेले. ज्यांच्याजवळ हवाई छत्र्या आहेत, मोकळी पट्टी आहे, त्यांनीही अंतर कमी केले. आमच्या गावाजवळून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर संध्याकाळी मोटारसायकलींची शर्यत लावणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे. त्यांच्यापैकी दोघे माझे विद्यार्थी आहेत, हे मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे.

पण मला खरी काळजी वाटते ती ट्रॅक्टरची. ट्रॅक्टर म्हणजे उलटा ड्रॅगस्टर. आखूड, उंच, मोठी चाके मागे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतर सोनगीरच्या एका शेतात कापसाची ट्रॉली रुतली होती. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टरवर. मागची चाके अर्धी चिखलात. त्याने इंजिन गर्जवले आणि क्लच फटकन सोडला. चाके फिरली नाहीत. इंजिनाचा पीळ तर आसाशी पोचला होता. चाक आसाभोवती फिरत नसेल, तर ट्रॅक्टरलाच आसाभोवती फिरावे लागते. तो न्यूटनचा तिसरा नियम आहे, आणि तिथे कोणाची विनवणी चालत नाही. पुढची चाके हातभर उचलली गेली. बांधावर बसलेला एक म्हातारा ड्रायव्हर ओरडला, "दाब क्लच! दाब!" मुलाने पाय दाबला, पीळ तुटला, तोंड धाडकन खाली आले. म्हातारा जवळ आला आणि एवढेच म्हणाला, "धीरे सोड रे भो, तुले काय घाई शे?"

तोंड उचलल्यापासून ट्रॅक्टर पाठीवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद लागतो. त्यातला बराचसा काय होते आहे हे कळण्यातच जातो. साखळी आसापेक्षा उंच ठिकाणी बांधली असेल तर ओढ त्याच दिशेने उलटवायला मदत करते, म्हणून ती नेहमी खालच्या दांडीलाच बांधतात. हे सारे घर्षण आणि आघूर्ण या दोन प्रकरणांत बसते. ट्रॅक्टरवर बसण्याचे वय येण्याआधी ही दोन्ही प्रकरणे क्लचवरून शिकवली गेली पाहिजेत, असे मी आमच्या अभ्यासमंडळींना सांगत असतो. अजून ठोकळाच चालू आहे.

तोवर तुम्ही एक प्रयोग करा. दोन सायकली उलट्या करून अशा ठेवा की त्यांची मागची चाके एका रेषेत येतील आणि टायर एकमेकांपासून बोटभर अंतरावर राहतील. एका मित्राने पहिल्या सायकलचे पायडल जोरात फिरवावे. तुम्ही दुसरी सायकल हळूच सरकवून टायरला टायर टेकवा. आधी हलके टेकवा, मग जरा दाबा. दुसरे चाक किती वेळात वेग घेते, आवाज कधी थांबतो, ते बघा. मग तोच प्रयोग एकदम दाबून करा आणि पायडल फिरवणाऱ्याच्या हाताला काय जाणवले ते त्याला विचारा. बोटे आरांपासून दूर ठेवा. चाके पूर्ण थांबली की दोन्ही टायरांना हात लावून पाहा. कोणत्या खेपेला ते जास्त तापले?