खिडकी बदलताना

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे स्थायिक होत आली. त्यांच्या जुन्या घरांना सागवानी चौकटी, उभे लोखंडी गज आणि आतून घालावयाची आगळ असे. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले आणि शहराचे रूप झपाट्याने पालटले. आता त्या खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसीच्या सरकत्या खिडक्या बसू लागल्या आहेत. धूळ व उष्मा यांपासून त्या दिलासा देतात, म्हणून हा बदल स्वागतार्हच होय. तथापि खरेदीच्या वेळी रंग, काच आणि दर यांची जेवढी चौकशी होते तेवढी कडीची होत नाही, हे चिंताजनक आहे.

कोणतीही खिडकी अभेद्य नसते. तिची सुरक्षितता मिनिटांत मोजावयाची असते. ईएन १६२७ या युरोपीय मानकात खिडक्यांच्या आरसी-१ ते आरसी-६ अशा श्रेणी आहेत. त्यांपैकी आरसी-२ श्रेणीच्या खिडकीने स्क्रूड्रायव्हर, पक्कड यांसारख्या साध्या हत्यारांपुढे तीन मिनिटे टिकावे, अशी अपेक्षा असते. चोराला वेळ आणि आवाज या दोहोंचे भय असते; ते वाढविणे एवढेच खिडकीचे काम.

या कसोटीवर काही गोष्टी पारखून घ्याव्यात. सरकती झडप बंद असताना बाहेरून वर उचलून रुळातून निघते का, हे स्वतः पाहावे. काचेची बीडिंग पट्टी आतल्या बाजूस असावी, कारण बाहेरची पट्टी उपसली की काच अलगद हाती येते. टफन्ड काच इजा टाळण्यासाठी उत्तम. परंतु ती फुटली की तिचे बारीक तुकडे होऊन वाट मोकळी होते. लॅमिनेटेड काच मात्र तडकूनही आतील पापुद्र्याला चिकटून राहते. चौकट भिंतीत होल्डफास्टने पक्की केलेली असावी. आणि आपल्याकडील विशेष म्हणजे कूलर! उन्हाळ्यात त्याच्यासाठी ग्रिल कापले जाते आणि पावसाळ्यात त्या जागी प्लायवूडचा तुकडा ठोकला जातो. मग उरलेल्या खिडकीवर केलेला खर्च व्यर्थ ठरतो.

मिनिटांचा हाच हिशेब उलटही लागू होतो, आणि आमच्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडीतील कारखान्याला लागलेल्या आगीत ४३ जणांचा मृत्यू झाला. तेथे अग्निशमन दलाच्या जवानांना खिडक्यांच्या जाळ्या कापून आत जावे लागले. घरातही धूर कोंडला की पक्के ग्रिल चोराऐवजी आपल्यालाच अडविते. म्हणून प्रत्येक शयनगृहात निदान एक ग्रिल बिजागरीवर आतून उघडणारे असावे. त्याची किल्ली घरातील मुलांना व वडीलधाऱ्यांना ठाऊक असावी, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशा जागी असावी. इंग्लंडच्या बांधकाम मार्गदर्शिकेत सुटकेच्या खिडकीची मोकळी जागा किमान ०.३३ चौरस मीटर आणि रुंदी व उंची प्रत्येकी किमान ४५० मिलिमीटर सांगितली आहे. उरला आणि सिलतरा येथील पोलाद कारखान्यांच्या या शहरात असे ग्रिल घडविणे मुळीच अवघड नाही.

विमा आहे, मग काळजी कसली, असे काही ग्राहकांना वाटते. परंतु घरफोडीच्या पॉलिसीत बळाने किंवा हिंसेने प्रवेश झाल्याची अट असेल, तर दाव्यासाठी ती पूर्ण व्हावीच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्पष्ट केले. उघड्या राहिलेल्या खिडकीतून चोर सहज आत आला, तर दावा अडचणीत येऊ शकतो. आपल्या पॉलिसीतील शब्द म्हणूनच एकदा नीट वाचावेत.

घरदुरुस्तीसाठी कर्ज घेणाऱ्या ग्राहकांना आमची एकच विनंती आहे. कारागिराकडून अंदाजपत्रक घेताना काचेच्या दराखाली कडी, होल्डफास्ट आणि उघडणारे ग्रिल यांच्या स्वतंत्र ओळी लिहून घ्याव्यात. एकूण खर्चात त्यांचा वाटा लहान असतो, परंतु संकटाच्या रात्री कुटुंबाची भिस्त त्यांच्यावरच राहणार आहे.