झेंड्याचं कापड

22 जुलै 1947 रोजी घटना समितीत जवाहरलाल नेहरूंनी राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला, तेव्हा सभागृहात दोन ध्वज आणलेले होते. एक रेशमी, दुसरा सुती खादीचा. त्या ठरावातले रंग आज शाळेतल्या प्रत्येक मुलाला अर्थांसह पाठ असतात. कापडाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. यंदाचा अंक आपल्या हाती देताना मला त्या कापडाबद्दलच बोलायचं आहे.

हा ध्वज घडायला चाळीस वर्षं लागली. 1907 मध्ये स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत मादाम कामांनी फडकवलेला ध्वज आज पुण्याच्या केसरीवाड्यात जपून ठेवला आहे. त्याच्या मधल्या पट्टीवर देवनागरीत ‘वंदे मातरम्’ आहे. 1921 मध्ये बेजवाड्याला पिंगली वेंकय्यांनी गांधीजींपुढे आपला आराखडा ठेवला आणि झेंड्यावर चरखा आला. तो खादीचाच हवा, हा गांधीजींचा आग्रह होता. मँचेस्टरच्या कापडावर रंगवलेला चरखा कोणत्या तोंडानं मिरवायचा?

त्या चरख्याच्या झेंड्याची खरी परीक्षा झाली नागपुरात. सिव्हिल लाइन्स म्हणजे गोऱ्या साहेबांची वस्ती. तिथून झेंडा घेऊन जायला बंदी. 1 मे 1923 पासून स्वयंसेवकांच्या तुकड्या हातात झेंडे घेऊन त्या हद्दीकडे चालत जायच्या, पोलीस अडवायचे, पकडायचे, आणि पुढची तुकडी निघायची. नेतृत्व जमनालाल बजाजांचं. ते तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. विनोबाही याच सत्याग्रहात तुरुंगात गेले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं येत राहिली आणि पंधराशेहून अधिक जण पकडले गेले. त्यांची मागणी काय होती? जमीन नाही, पगार नाही, कायदेमंडळातली जागा नाही. आपलं निशाण खांद्यावर घेऊन आपल्याच गावातल्या रस्त्यानं चालायचं, एवढीच. अखेर 18 ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली. मला हा लढा मिठाच्या सत्याग्रहाइतकाच मोलाचा वाटतो, आणि त्याची आठवण नागपुराबाहेर इतकी कमी निघते याचं वाईट वाटतं.

1942 च्या सप्टेंबरात नंदुरबारला शिरीषकुमार हाती तिरंगा घेऊन पोलिसांच्या गोळ्यांनी पडला, त्याच्याबरोबर आणखी चौघे. पंधरा वर्षांचं पोर! निजामाच्या राज्यात तर 15 ऑगस्ट 1947 लाही तिरंगा गुन्हाच होता; त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना हैदराबादेत अटक झाली. मराठवाड्याला आणखी तेरा महिने थांबावं लागलं.

स्वतंत्र भारताच्या ध्वजावर चरख्याच्या जागी सारनाथच्या सिंहस्तंभावरचं चोवीस आऱ्यांचं चक्र आलं. गांधीजींना हे रुचलं नव्हतं. तरीही चरखा ध्वजाला सोडून गेला नाही: चित्रातून गेला, पण कापडात राहिला. ध्वज हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या खादीचाच असावा, हा नियम पुढे अनेक दशकं टिकला. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीनं ध्वजसंहितेत यंत्रावरचं कापड आणि पॉलिएस्टरही आलं.

त्यामुळे झेंडा स्वस्त झाला, घरोघर पोचला, हे मान्य. नागरिकाला आपल्या घरावर वर्षभर ध्वज लावण्याची मोकळीक 2002 मध्ये मिळाली आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क गरिबालाही परवडला पाहिजे. पण 16 ऑगस्टच्या सकाळी रस्त्याकडेला पडलेले झेंडे पाहिले की जीव कासावीस होतो. जीर्ण ध्वजाला एकांतात, सन्मानानं, शक्यतो अग्नी द्यावा, असं संहिता सांगते. ज्या वस्तूमागे कुणाचे हात दिसत नाहीत, ती आपण सहज टाकून देतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आजही खादीचे राष्ट्रध्वज तयार करते. हुबळीच्या बेंगेरीतही ते काम चालतं. वाचकहो, दिवाळीच्या खरेदीची यादी करताना त्यात एक खादीचा तिरंगा लिहा. जवळच्या खादी भांडारात चौकशी करा, नसेल तर मागवायला सांगा. एकदाच घ्या, नीट घडी घालून ठेवा, वर्षानुवर्षं वापरा. येत्या 26 जानेवारीला आपल्या दारी तोच लागू दे.

दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!