डिशवॉशर ओट्याखाली, दुरुस्तीची वाट कुठे?

रात्री जेवणे आटोपली, भांडी रचली, बटण दाबले आणि घर झोपी गेले. सकाळी दार उघडून पाहावे तर तळाशी दोन बोटे गढूळ पाणी, त्यावर तरंगणारा कढीपत्ता आणि पडद्यावर लुकलुकणारा एक आकडा. कंपनीला फोन केला की ‘आमचा माणूस परवा येईल’ असे उत्तर मिळते. दोन दिवस भांडी हातानेच घासली जातात. मग तो माणूस येतो, गुडघ्यावर बसतो, तळातली जाळी फिरवून काढतो, सिंकमध्ये नळाखाली धरतो आणि पुन्हा बसवतो. दहा मिनिटांत मशीन सुरू होते आणि हातात बिल पडते. २०२०च्या टाळेबंदीनंतर ज्या मराठी घरांत डिशवॉशर आले, त्यांपैकी अनेकांना हा प्रसंग नवा नाही.

अशा वेळी घरातली एक व्यक्ती ‘हे मशीन आपल्या भांड्यांसाठी नाहीच’ असा निकाल देऊन मोकळी होते. हा निकाल बहुतेकदा चुकीचा असतो. मशीन बिघडलेले नसते आणि वापरणाऱ्यांचेही फारसे चुकलेले नसते. विकणाऱ्याने, बसवणाऱ्याने आणि स्वयंपाकघर आखणाऱ्याने ते घरच्यांना ओळखीचे करून दिलेले नसते. त्यातून ते ‘बिल्ट-इन’ असेल, म्हणजे ओट्याखाली ट्रॉल्यांच्या रांगेत त्याच रंगाच्या लॅमिनेटआड बसवलेले असेल, तर त्याचा नळ, नळी आणि प्लग हे सगळेच नजरेआड जाते.

खरे तर आतली रचना समजायला सोपी आहे. मशीन तळाशी तीन-चार लिटर पाणी घेते, ते तापवते आणि पंपाने तेच पाणी फिरत्या पात्यांच्या बारीक भोकांतून भांड्यांवर पुन्हा पुन्हा फवारते. मग ते पाणी बाहेर टाकून नवे घेते. एका पूर्ण धुण्याला साधारण दहा ते पंधरा लिटर पाणी पुरते. अमेरिकेतल्या जोसेफीन कोक्रेन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, त्याचा गाभाही हाच होता: घासणी नको, पाण्याचा दाब पुरे. म्हणूनच मशीन अडले की चार प्रश्न विचारावेत. पाणी आत येते का? ते फिरते का? तापते का? बाहेर जाते का? घरात होणाऱ्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या चारांत बसतात.

सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या पाणी बाहेर न जाण्याच्या, आणि त्याचे पहिले कारण जाळी. खालचा रॅक बाहेर काढला की तळाच्या मध्यभागी पेल्याएवढा एक प्लास्टिकचा नळकांडा दिसतो. तो डावीकडे फिरवला की सुटतो, आणि त्याच्याखालची चपटी स्टीलची जाळीही उचलता येते. आपल्या स्वयंपाकाची सगळी हकीकत तिथे सापडते: फोडणीतली मोहरी, कढीपत्त्याचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, खोबऱ्याचा चव, भाताचा लगदा आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा तुपाचा पिवळट थर. ही जाळी जुन्या टूथब्रशने, भांड्यांच्या साबणाने, कोमट पाण्याखाली घासली की दोन मिनिटांत साफ होते. आपल्याकडच्या तेल-मसाल्याच्या जेवणाला हे आठवड्यातून एकदा तरी करावेच. बसवताना ती घट्ट फिरवून बसली आहे ना, ते पाहावे. सैल राहिली तर खरकटे थेट पंपात जाते.

मोहरीचा दाणा आणखी एक खोडी करतो. तो फवारणाऱ्या पात्याच्या भोकात नेमका अडकून बसतो. वरच्या रॅकमधल्या वाट्या अचानक खरकट्या निघू लागल्या, तर पाते काढून उजेडात धरावे आणि बंद झालेली भोके टूथपिकने मोकळी करावीत. पाते कानाशी हलवले तर आत अडकलेल्या दाण्यांचा खुळखुळ्यासारखा आवाजही येतो.

जाळी साफ असूनही पाणी तुंबते, तेव्हा पंपाकडे वळावे. आधी प्लग काढायचा. मग तळातले पाणी कपाने आणि स्पंजने उपसायचे, जाळीखालच्या खड्ड्यातले पंपाचे झाकण पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे काढायचे आणि आतली छोटी पाती लाकडी काडीने फिरवून पाहायची. फुटलेल्या पेल्याची काच, लिंबाची बी किंवा चिकनच्या हाडाचा तुकडा तिथे अडकलेला असू शकतो. काचेची शक्यता असल्याने उघडी बोटे आत घालू नयेत.

पाती मोकळी फिरत असतील तर दोष सिंकखाली शोधावा. मशीनची नळी सिंकच्या बॉटल ट्रॅपला जोडतात. नव्या ट्रॅपच्या त्या तोंडावर पुष्कळदा प्लास्टिकचा पातळ पडदा असतो आणि जोडण्याआधी तो कापावा लागतो. प्लंबर विसरला, तर पहिल्याच दिवशी पाणी तुंबते. नळी ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत उंच नेऊन मग खाली आणायची असते. ती जमिनीवर लोळत राहिली तर एक तर सिंकचे घाण पाणी मशीनमध्ये उतरते, नाही तर मशीनने घेतलेले पाणी आपोआप बाहेर ओढले जाते आणि मशीन भरतच नाही. बॉश, सीमेन्ससारख्या मशीनवर ई२४ हा संकेत दिसला की पाणी बाहेर पडत नाही असे समजावे, आणि हातात पान्हा घेण्याआधी जाळी, पंप, नळी या क्रमाने जावे.

पाणी आत न येण्याची तक्रार आपल्याकडे विशेषतः सर्वांत वरच्या मजल्यावर असते. याचे गणित साधे आहे. टाकीतले पाणी दहा मीटर उंचीवर असेल तर खाली साधारण एक बार दाब मिळतो. अनेक डिशवॉशरना किमान अर्धा बार हवा असतो, म्हणजे पाच मीटर. गच्चीवरच्या टाकीखालच्याच मजल्यावर स्वयंपाकघर असेल तर जेमतेम चार-पाच मीटर उंची मिळते. त्यातलीही थोडी पाइपच्या वळणांत जाते. सिंकच्या नळाला धार ठीक दिसते, पण मशीन पाण्याची वाट पाहून थांबते. खालच्या मजल्यांवर तेच मॉडेल बिनतक्रार चालते आणि वरचे कुटुंब कंपनीशी भांडत राहते. यावर प्रेशर पंप हा उपाय आहे, आणि तो मशीन विकण्याआधीच सांगायला हवा. मात्र पंपाचा विचार करण्याआधी अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का ते पाहावे आणि नळीच्या तोंडाची बारीक जाळी काढून धुवावी. सोसायटीची टाकी साफ केल्यावर तिथे हमखास रेती अडकते.

यापुढची तक्रार मशीन न थांबवता रोज त्रास देते: काचेच्या पेल्यांवर आणि स्टीलच्या ताटांवर चढणारा पांढरा थर. लोक पावडर बदलतात, मग कंपनी बदलतात. पाण्याचा जडपणा मात्र कोणी मोजत नाही. मुंबईला धरणांतून आणि पुण्याला खडकवासल्याकडून येणारे पाणी तुलनेने हलके असते. बोअरचे आणि टँकरचे पाणी क्षारांनी जड असू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. माणसाला चालणारे हे पाणी काचेच्या पेल्यावर मात्र डाग पाडते.

म्हणून बहुतेक मशीनमध्ये पाणी हलके करणारा एक कप्पा असतो. त्यातल्या रेझिनच्या मण्यांवर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अडकतात, आणि मिठाच्या द्रावणाने ते मणी पुन्हा ताजे होतात. डिशवॉशरचे मीठ लागते ते यासाठी. त्याजागी स्वयंपाकाचे मीठ टाकू नये, कारण ते मोकळे राहावे म्हणून त्यात मिसळलेले पदार्थ हा कप्पा खराब करू शकतात. मीठ भरून झाले की लगेच मशीन चालवावे. सांडलेले खारे पाणी रात्रभर राहिले तर स्टीलवर गंजाचे ठिपके पडतात.

नुसते मीठ भरून काम होत नाही. पाणी किती जड आहे ते मशीनला सांगावे लागते. तपासणीची पट्टी किंवा प्रयोगशाळेचा अहवाल मिलिग्रॅममध्ये आकडा देतो आणि पुस्तिकेत अनेकदा जर्मन अंश असतात. मिलिग्रॅमला १७.८ ने भागले की अंश मिळतात. ३५० मिलिग्रॅम म्हणजे जवळपास २० अंश. त्यातही आपल्या शहरांची एक अडचण कुठल्याच परदेशी पुस्तिकेत नसते. एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणी कमी पडते, टँकर सुरू होतात आणि त्याच नळाला वेगळेच पाणी येते. सेटिंग मात्र जानेवारीचेच राहते. टँकर सुरू झाला की सेटिंग वाढवायचे आणि पाऊस लागला की खाली आणायचे, ही सवय लावून घेण्यासारखी आहे. पांढरेपणा नेमका कशाचा ते कळण्यासाठी पेल्यावर व्हिनेगर चोळावे. डाग गेला तर तो क्षारांचा. गेला नाही तर काचच झिजली आहे आणि ती चमक परत येत नाही.

काही गोष्टी थोडक्यात सांगता येतात. अॅल्युमिनियमचा कुकर, कल्हईची पितळी पातेली, बिडाचा तवा आणि पोळपाट-लाटणे यांना या मशीनमध्ये जागा नाही. मशीनच्या पावडरमधली तीव्र अल्कली अॅल्युमिनियम काळे करते. वाट्या एकात एक घालू नयेत, कढई तिरकी पालथी ठेवावी. लांब दांड्याचा झारा पात्याला अडत नाही ना, हे पाते हाताने एकदा फिरवून पाहिल्यावरच दार लावावे. प्लास्टिकचे डबे ओले राहतात, कारण प्लास्टिक उष्णता धरून ठेवत नाही. तो बिघाड नव्हे.

हाताने घासायचे लिक्विड मात्र चुकूनही आत घालू नये. त्याचा फेस दारातून झिरपतो आणि मशीनच्या पोटाखालच्या ताटात उतरतो. तिथे थर्माकोलचा एक तरंगता तुकडा असतो. तो उचलला गेला की मशीन पाणी घेणे थांबवते आणि पंप चालू ठेवते. ई१५ हा संकेत याच सुरक्षेचा आहे. फेस हे कारण नसेल तर कुठे तरी गळती आहे, आणि तेव्हा प्लग काढून, अँगल कॉक बंद करून तंत्रज्ञालाच बोलवावे.

इथेच बिल्ट-इनचा खरा प्रश्न उभा राहतो. प्लग आणि अँगल कॉक नेमके कुठे असतात? अनेक घरांत मशीनच्या पाठीमागे. ते बंद करायचे तर मशीन बाहेर ओढायला हवे, आणि ओढायचे तर आधी सुताराने ठोकलेली स्कर्टिंगची पट्टी उखडायला हवी. घरात पाणी पसरत असताना हे कोणी करायचे? ग्रॅनाइटच्या ओट्याला स्क्रू बसत नाही म्हणून मशीन बाजूच्या कपाटांना पक्के करायचे असते. तेही राहून जाते आणि भरलेला रॅक ओढला की मशीन पुढे झुकते. ओट्याच्या खालच्या कडेला वाफेपासून संरक्षण देणारी पट्टी खोक्यातच पडून राहते आणि वर्षभरात प्लायवूड फुगते. स्वयंपाकघरावर लाखो रुपये खर्च झालेले असताना ही हेळसांड अक्षम्य आहे. ती टाळायला पैसा लागत नाही, एकाने दुसऱ्याशी बोलावे लागते: विक्रेत्याने आर्किटेक्टशी, आर्किटेक्टने सुताराशी, सुताराने प्लंबरशी.

सुट्या भागांचेही तसेच. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून लागू असलेल्या नियमांनुसार डिशवॉशरच्या जाळ्या, फवारणारी पाती, दाराचे रबर असे भाग ग्राहकांना दहा वर्षे मिळायला हवेत. भारतात केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. सुरुवात चांगली आहे, पण हा भाग किती वर्षे मिळेल याचे बंधनकारक उत्तर इथल्या ग्राहकालाही मिळाले पाहिजे. त्याबरोबर पुस्तिका मराठीत हवी. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत हे मशीन भरतात आणि रिकामे करतात त्या भांडी घासणाऱ्या मावशी. जाळी कशी काढायची हे त्यांना इंग्रजी आणि जर्मन पानांतून कसे कळावे? सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येते.

ज्यांच्याकडे सध्या स्वयंपाकघराचे काम चालू आहे त्यांनी सुतार प्लायवूड कापण्याआधी त्याच्याशी बोलून घ्यावे. सोळा अँपिअरचा पॉइंट आणि अँगल कॉक सिंकखालच्या कपाटात, हात घातला की सापडतील असे ठेवायला सांगावे. स्कर्टिंगची पट्टी ठोकून नव्हे, क्लिपवर बसवून घ्यावी. आणि मशीन बसवायला आलेला माणूस निघण्याआधी त्याच्यासमोर, घरातल्या प्रत्येकाने, मावशींनीही, एकदा ती जाळी स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवून दाखवावी.